त्या पाच जणांच्या फायलीचं पुढे काय झालं?

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, जय हिंद.

मी फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. राहणार माण तालुका, जिल्हा सातारा. नोकरीत असताना एक वर्ष काँगोत, उत्तर किवूत, संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर काढलं. त्यामुळे हे पत्र अगदीच बाहेरच्या माणसाचं नाही. विषय एकच आहे. ९ एप्रिल २०१३ रोजी दक्षिण सुदानमध्ये आपले पाच जवान दबा धरून मारले गेले. ते कोणी मारले, त्याचा तपास कुठवर गेला आणि कुठे थांबला, हे मला आपल्याकडून जाणून घ्यायचं आहे.

तो दिवस मला तारखेनिशी आठवतो, कारण दोन दिवसांवर पाडवा होता. साल दुष्काळाचं. आमच्याकडे त्या वर्षी विहिरी कोरड्या पडल्या होत्या, पाणी टँकरचं होतं आणि जनावरं चारा छावणीत होती. माझी थोरली वहिनी दोन म्हशी आणि एक खोंड घेऊन छावणीतच राहायला होती. वर शेडनेट, खाली दावण, बाजूला चूल. तिचा धाकटा मुलगा, माझा पुतण्या, तेव्हा दक्षिण सुदानमध्ये मिशनवर होता. संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हा ती ऊस कुटी टाकायचं सोडून रस्त्याकडे बघत उभी होती. टपरीवरच्या टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती: सुदानमध्ये पाच भारतीय जवान शहीद. नावं नव्हती.

"भावजी, फोन लागंना," एवढंच म्हणाली.

फौजेतल्या घरांना हे तास माहीत असतात, साहेब. नाव कळेपर्यंत प्रत्येक घर मेलेलं असतं. त्या रात्री आमच्या तालुक्यात अशी किती घरं जागी होती ते मी सांगू शकत नाही, पण आम्ही होतो. पुतण्याचा फोन पहाटे आला. त्याची कंपनी दुसऱ्या तळावर होती. वहिनीने फोन कानाला लावला, एक शब्द बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. मग माझ्या हातात फोन देऊन म्हशीच्या दावणीला जाऊन बसली. दोन दिवसांनी तिने छावणीत शेडच्या खांबाला गुढी बांधली, पण साखरेची गाठी घातली नाही. कुणी विचारलं तर म्हणाली, ज्या पाच घरांत आज गुढी न्हाई, त्यांच्यासाठी राहू दे.

आता घटना. माझ्या माहितीत काही चूक असेल तर आपण दुरुस्त करावी.

जोंगलेई नावाच्या प्रांतात पिबोरकडून बोरकडे निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या गाड्यांना आपली तुकडी एस्कॉर्ट देत होती. तीस-पस्तीस जवान. गुमुरुकजवळ सुमारे दोनशे हत्यारबंद लोकांनी ताफ्यावर हल्ला केला. आपले पाच गेले: एक लेफ्टनंट कर्नल, एक नायब सुभेदार, दोन हवालदार, एक नायक. लेफ्टनंट कर्नल महिपाल सिंग हे त्या तुकडीतले अधिकारी. त्यांच्याबरोबर संयुक्त राष्ट्रांचे दोन स्थानिक कर्मचारी आणि कंत्राटावर काम करणारी पाच माणसं मारली गेली. म्हणजे एकूण बारा. आपल्याकडे पाचांचीच बातमी झाली. उरलेल्या सात जणांच्या घरीही कुणीतरी फोन लावत बसलं असणार.

हवालदार आणि नायक म्हणजे काय हे शहरात सांगावं लागतं. आमच्याकडे सांगावं लागत नाही. नायक म्हणजे ज्याच्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण चाललेलं असतं तो. हवालदार म्हणजे ज्याच्या मुलीच्या लग्नाचं आता घरात बोलायला लागलेत तो.

मिशनवरच्या सैनिकाबद्दल एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. फौजेत भरती झाल्यावर पहिला धडा मिळतो तो लपण्याचा. तोंडाला काळं फासा, हेल्मेटवर जाळी टाका, जमिनीच्या रंगाचे व्हा, आभाळाच्या रेषेवर उभे राहू नका. मिशनवर सगळं उलटं. गाडी पांढरीशुभ्र, तिच्यावर काळी ठळक अक्षरं. डोक्यावर आभाळाच्या रंगाचं हेल्मेट. मैलभरावरून दिसलं पाहिजे असं सगळं. काँगोत पहिल्या आठवड्यात माझ्या अंगावर काटा यायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच गवत, वळणावर ते इतकं जवळ येतं की पाती गाडीला घासतात, आणि आपण चुन्याने रंगवलेल्या गाडीत बसलेलो. खिशात एक कार्ड असायचं. गोळी कधी चालवायची, आधी काय इशारा द्यायचा, किती बळ वापरायचं, सगळं त्यावर छापलेलं. ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. कडा मऊ झाल्यात, घामाने अक्षरं पुसट झालीत.

हे असं दिसत राहायचं, त्याचं कारण आहे. आम्ही कुणाच्या बाजूने लढायला आलेलो नाही हे दोन्हीकडच्यांना लांबूनच कळावं. सैनिक स्वतःचं लपणं सोडून देतो आणि त्या बदल्यात जग त्याला शब्द देतं, की तुझ्यावर हात टाकणारा गुन्हेगार ठरेल. कायद्यातही तसंच लिहिलंय. १९९८ च्या रोम करारात, म्हणजे ज्यातून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं त्या करारात, शांतिसैनिकांवर जाणूनबुजून केलेला हल्ला हा युद्धगुन्हा धरला आहे. भारत त्या करारात नाही, दक्षिण सुदानही नाही, हे मला माहीत आहे. पण शब्द जगाने दिला होता, आणि त्या भरवशावर माणसं पांढऱ्या गाडीत बसली होती.

पुतण्या परत आल्यावर त्या मुलखाबद्दल हळूहळू बोलायला लागला. म्हणायचा, "तात्या, माती आपल्या काळ्या रानासारखीच. पाऊस पडला की चाक जाग्यावरनं हलत न्हाई." तिथल्या लोकांचं सगळं गुरांवर चालतं. लग्नाचं देणंघेणं गुरांत, इज्जत गुरांत, भांडणं गुरांवरून. मुर्ले, लू नुएर, डिंका या तिथल्या जमाती एकमेकांची गुरं पळवतात, त्यात माणसं मरतात, मुलं पळवली जातात. छावणीत जनावरं जगवायला धडपडलेल्या आमच्यासारख्यांना यातलं निम्मं तरी समजतं. २०१२ मध्ये तिथल्या सरकारने लोकांची हत्यारं काढून घ्यायची मोहीम काढली. त्यात सरकारी सैनिकांनी मुर्ले लोकांवर अत्याचार केले आणि चिडलेली पोरं डेव्हिड याऊ याऊच्या बंडात गेली. हा याऊ याऊ २०१० ची निवडणूक हरल्यावर बंडखोर झाला होता, २०११ मध्ये माफी घेऊन परत आला आणि २०१२ मध्ये पुन्हा फुटला. तिथल्या पोरांनी बंदूक का उचलली, हे मला कळतं म्हणून सांगतोय. मला सूड नको आहे. पाचाच्या बदल्यात पाच मारून आमच्या एकाही घरातली चूल पेटणार नाही.

पण पुढे काय झालं? सुरक्षा परिषदेने निषेध केला. दक्षिण सुदानच्या सरकारने तातडीने तपास करून दोषींना शिक्षा करावी असं सांगितलं. तिथल्या लष्कराने बोट याऊ याऊच्या लोकांकडे दाखवलं. पण त्याच जोंगलेईत, चारच महिने आधी, २१ डिसेंबर २०१२ रोजी, त्याच लष्कराने संयुक्त राष्ट्रांचं हेलिकॉप्टर पाडलं होतं आणि त्यात चार रशियन कर्मचारी मेले होते. तपास करायचा कुणी, तर त्यांनी. मग २०१४ मध्ये सरकार आणि याऊ याऊ यांच्यात समझोता झाला आणि त्याला पिबोर भागाचा मुख्य प्रशासक नेमलं गेलं.

त्या समझोत्याबद्दल मला आकस नाही. तिथल्या बायाबापड्यांना चार दिवस शांत झोप मिळाली असेल तर चांगलंच झालं. गुमुरुकचा हल्ला त्याच्याच माणसांनी केला असंही मी म्हणत नाही, कारण ते कुठे सिद्ध झालेलं नाही. मी म्हणतो ते एवढंच, की त्या टेबलावर आपल्या पाच जणांचं नाव कुणी काढलं होतं का? भारताच्या वतीने कुणी विचारलं होतं का, की समझोता करा, पण त्या दिवशी रस्त्यावर कोण होतं ते आधी सांगा? कुणाला अटक झाल्याची, खटला चालल्याची एक ओळ माझ्या वाचनात आलेली नाही. मुलाने मोबाइलवर शोधून शोधून दिलं, तिथेही सापडली नाही. आठ महिन्यांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, त्याच प्रांतात अकोबोच्या तळावर जमाव चालून आला आणि तिथे आसऱ्याला आलेल्या लोकांबरोबर आपले आणखी दोन जवान गेले. आधीच्या हल्ल्याचा जाब कुणी विचारला असता तर ते दोघे वाचले असते असा दावा मी करत नाही. पण जाब विचारला जात नाही हे त्या मुलखात सगळ्यांना कळून चुकलं होतं, एवढं नक्की.

आपल्याला असं सांगण्यात येईल की परदेशात, यादवीच्या मुलखात, दोनशेतून मारणारा कोण ते शोधणं अशक्य असतं. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. पण मुलाने आणखी काही वाचून दाखवलं आणि माझं मत बदललं.

एप्रिल १९९४, रुवांडा. किगालीत बेल्जियमचे दहा पॅराट्रूपर पकडून मारले. बेल्जियम केवढा देश? लोकसंख्येने आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढा. त्यांनी तो विषय सोडला नाही. तेरा वर्षांनी, २००७ मध्ये, त्या प्रकरणातला एक मेजर ब्रुसेल्सच्या कोर्टात उभा राहिला आणि त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली.

आयर्लंडचं त्याहून मोठं आहे. एप्रिल १९८० मध्ये लेबनॉनमध्ये त्यांचे दोन शिपाई पळवून मारले. संशयित पुढे अमेरिकेत जाऊन राहिला, आइस्क्रीमची गाडी चालवू लागला. घरची माणसं आणि त्यांचं सरकार विचारत राहिलं, विचारत राहिलं. २०१५ मध्ये अमेरिकेने त्याला लेबनॉनला परत पाठवलं आणि २०२० मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने त्याला दोषी धरलं. चाळीस वर्षं! दोन साध्या शिपायांसाठी. हे वाचून दाखवलं तेव्हा मी मुलाला म्हणालो, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं.

आणि सिएरा लिओन तर आपलंच. २००० सालच्या मे महिन्यात आर.यू.एफ.च्या बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहूनला आपले गोरखा जवान दोन महिने वेढ्यात होते, जुलैत ऑपरेशन खुकरी करून आपल्या फौजेने त्यांना सोडवलं. हे प्रत्येक पलटणीत सांगतात. सांगत नाहीत ते पुढचं. २००९ मध्ये तिथल्या विशेष न्यायालयाने त्या संघटनेच्या म्होरक्यांना शांतिसैनिकांवरच्या हल्ल्यांसाठीही दोषी ठरवलं, आणि त्यांतल्या इसा सेसेला एकूण ५२ वर्षांची शिक्षा झाली. तिथेही जंगलच होतं, तिथेही यादवीच होती. ते जमलं, कारण कुणीतरी साक्षी गोळा केल्या आणि तारखा लिहून ठेवल्या.

म्हणून मला गुमुरुक विसरता येत नाही.

साहेब, आपल्या मंत्रालयाने या बाबतीत जे केलं ते मी नाकारत नाही, उलट त्याचा मला अभिमान आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडे असताना ठराव २५८९ एकमताने मंजूर झाला, तो भारताने मांडलेला. शांतिसैनिकांना मारणाऱ्यांवर खटले व्हावेत आणि अशा सगळ्या घटनांची नोंद संयुक्त राष्ट्रांनी ऑनलाइन ठेवावी, असं त्यात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये याच कामासाठी आपण देशांचा एक गट उभा केला. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात मृत शांतिसैनिकांची स्मारकभिंत बांधण्याचा ठराव आपण मांडला आणि १९० देशांनी त्यावर सह्या केल्या. आजवर भारताचे जवळपास १८० शांतिसैनिक वेगवेगळ्या मिशनवर मृत्यू पावले. इतके कुठल्याच देशाचे गेले नाहीत. त्या भिंतीवर सगळ्यांत जास्त नावं आपली असणार.

भिंतीबद्दल मला थोडं बोलायचं आहे. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी गाव आहे, आपण नाव ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. इंग्रजांनी गावाला दगड बसवून दिला. आमच्या भागात असे जुने दगड ठिकठिकाणी आहेत. इतके गेले, इतके पडले, असा आकडा. कोण, कुठे, कशाने, ते नाही. त्या आयांना विचारायची सोय नव्हती. राज्य परक्याचं होतं, लढाई परक्याची होती, पोरगं मेसोपोटेमियात पडलं की फ्रान्समध्ये हेसुद्धा कित्येकींना कळलं नसेल. गावाने दगड जपला, अजून जपतंय. पण शंभर वर्षांनी आमच्या सुना-मुलींना नुसता दगड देऊन चालणार नाही. नाव कोरलं जाईल तेव्हा त्या नावापुढे तपासाचं काय झालं हेही कुठेतरी लिहिलेलं हवं. भिंतीवर नको, तिथे मान असू दे. कागदावर हवं.

माझी मागणी तेवढीच आहे, आणि ती खर्चाची नाही. मिशनवर शत्रूच्या हल्ल्यात गेलेल्या प्रत्येक भारतीय जवानाच्या प्रकरणाचं एक पान सरकारने उघड करावं. घटना काय, चौकशी कुणी केली, संशय कुणावर, यजमान देशाने काय कळवलं, आपण शेवटचं पत्र त्यांना कधी लिहिलं. काही गुप्त असेल तर तेवढं झाकावं, बाकीचं दाखवावं. पान त्या जवानाच्या घरच्या भाषेत असावं. वर्षातून एकदा, २९ मेच्या शांतिसैनिक दिनाला, त्याची प्रत वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हातात पोचावी. वर्षभरात काहीच घडलं नसेल तर "काही घडलं नाही" असंच लिहून पाठवावं. तेही चालेल. कुणीतरी फाईल उघडून बघितली एवढं तरी त्यातून कळतं. आणि पुढे एखाद्या देशात नवी बटालियन पाठवायची वेळ आली, की हे पान समोर ठेवूनच बोलणी व्हावीत. ज्या सरकारने आमच्या जुन्या प्रकरणाचं उत्तर दिलेलं नाही, त्याच्याकडे आधी ते उत्तर मागावं. भारताची माणसं सगळ्यांना हवी असतात, तेव्हा भारताच्या प्रश्नालाही वजन असलं पाहिजे.

गावातले काही म्हणतात, मिशनला काय, डॉलर मिळतात, पोरं हौसेनं जातात. खरं आहे. मीही गेलो. त्या वर्षाच्या पैशांतून माझ्या घरावर स्लॅब पडला. आमच्याकडे अशी घरं "मिशनचं घर" म्हणूनच ओळखली जातात. पण पैसे घेऊन गेलेल्या माणसाचा खून कमी खून असतो का? कारखान्यात पगारी कामगार मेला तरी चौकशी होते. इथे तर देशाच्या झेंड्याबरोबर संयुक्त राष्ट्रांचा झेंडा दंडावर लावून गेलेला माणूस आहे.

वहिनी आता सत्तरीच्या पुढे आहे. तिचा मुलगा सुखरूप आला, सुभेदार झाला, त्याची मुलं तिच्या अंगाखांद्यावर मोठी झाली. तिचं काही गेलेलं नाही. तरी दर पाडव्याला गुढीला पाणी दाखवून झालं की ती मला विचारते, "भावजी, त्या पोरांना मारणारी सापडली का वो?" बारा-तेरा वर्षं मी तिला "बघतो" म्हणतोय.

आपलं उत्तर आलं तर ते मराठीत पाठवावं. वहिनीला मी वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार
माण तालुका, जि. सातारा